गालावरचा हात

तीर्थरूप आईस,
तुझ्या धाकटीचा वाकून नमस्कार.

फोनवर मी तोंड दाखवत नाही म्हणून तू काळजीत आहेस, असं दादानं कळवलं. मी आजारी नाही गं, रुसलेही नाही. चाळिशीत मला मुरुमं आली आहेत. पोरवयात राहिली होती, ती आता व्याजासकट आली.

धुण्याचा साबण उरला होता. वाया कशाला घालवायचा, म्हणून त्यानंच तोंड खसाखसा धुवायची. गाल सोलवटले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तोंड आहे की तवा? सौम्य साबणानं हलकेच धुवा, वेळेवर झोपा. आणि सारखा गालाला हात लावू नका."

"मी कुठे लावते?" असं विचारलं, तेव्हाही हात गालावरच होता. हे कामाला गेले की जप आटोपून मी खिडकीशी तशीच बसते. इथं दार वाजवणारं कुणी नाही.

आता बराच उतार आहे, देवाची कृपा. तुझे गुडघे कसे आहेत? वहिनी तेल लावून देते ना?

हात गुंतलेला राहावा म्हणून हे पत्र सावकाश लिहिते आहे. कागद संपत आला, आणि हे यायला अजून पुष्कळ वेळ आहे.

तुझीच,
धाकटी