आपा सावकाश गेली

मंगळवार, दिवेलागण

नसीमाआपांकडे आज फारसीचा शेवटचा धडा झाला. उद्या त्या लेकाकडे हैदराबादला राहायला जाणार. सिद्धेश्वरच्या तळ्यावरून गार वारा येत होता, सगळं स्वप्नात असल्यासारखं, आणि माझं लक्ष मात्र त्यांच्या बांधलेल्या पेटीकडे.

धडा होता एखादी गोष्ट 'कशी' केली ते सांगायचा. खुशीला आधी 'ब' लावला की 'बखुशी', म्हणजे आनंदानं. असा शब्द क्रियापदाच्या अगदी अलीकडे बसवायचा. आपा म्हणाल्या, "लिही बरं, आपा सावकाश गेली." सावकाश म्हणजे आहिस्ता, त्याला 'ब' लागत नाही; गेली म्हणजे रफ्त. किती सोपं! पण मेलं ते 'रफ्त' काही लिहवेना. पुन्हा ती पेटीच दिसली.

आमच्याकडे घरातून निघताना कुणी 'जाते' म्हणतं का? 'येते'च म्हणायचं. आपासुद्धा इतकी वर्षं "येते गं" म्हणूनच आमच्या दारातून निघाल्या. मग मी लिहिलं, 'आपा आहिस्ता आमद.' आपा सावकाश आली.

एरवी चूक झाली की त्या वाक्य पुन्हा पुन्हा लिहायला लावतात. आज त्यांनी ओळ वाचली. चष्मा काढून पदरानं पुसला.

"बराबर हाय," म्हणाल्या.