वासंतीने बुडवलेले धंदे

पाला, २ जुलै

ती. थ्रेसिअम्मा चेचीस औसेपचा नमस्कार. येशूची स्तुती असो. तुझे गुडघे काय म्हणतात? इकडे पाऊस, माझं ब्लडप्रेशर आणि तुझी भावजय मरियाकुट्टी, तिन्ही चढेच आहेत (पत्र तिच्यासमोर वाचू नकोस).

निवृत्तीनंतर फणसाच्या वेफर्सचा कारखाना काढायचा म्हणून मी उद्योजकता वर्गात नाव घातलं, हे तुला ठाऊक आहेच. बँकेतले चार सोबतीही आले होते. पण वर्ग घेणाऱ्या प्रसीदा मॅडमचं म्हणणं, निरनिराळी माणसं एकत्र बसली की डोकी चालतात. तुलनेसाठी त्यांनी त्या चौघांचा गट तसाच ठेवला आणि मला उचलून भलतीकडे टाकलं. तिथे कोण? गाड्या धुण्याचं केंद्र काढू पाहणारा, दुबईहून परतलेला मोइदीनकुट्टी; नारळ पाडणारे फोनवर मिळवून देऊ पाहणारा अखिल; आणि आधी बेकरी, मग शिलाईचं दुकान बुडवून आलेली वासंती. दोनदा नापास झालेली बाई काय शिकवणार, म्हणून मी गट बदलून मागितला. मिळाला नाही.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "मोइदीनिक्का, जून ते नोव्हेंबर गाड्या कोण धुतं?" "पाऊस," तो म्हणाला. अखिलला म्हणाली, "बाळा, ते लोक आत्ता तरी फोन उचलतात का?" मग माझ्याकडे वळली. "अच्चाया, फणसाचे वेफर्स विकत कधी आणलेत?" छे, मरियाकुट्टी घरीच तळते! "आणि शेजारीण?" तीही. वासंतीने शांतपणे चहा प्यायला.

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी अकरा दुकानं पालथी घातली. नऊ जणांनी न खपलेली पाकिटं दाखवली. बाहेर येऊन रडलो (पाऊस होता म्हणून बरं). आयुष्यभराची पुंजी वाचली, चेची.

बँकवाल्यांचं मात्र पहिल्या दिवसापासून एकमत. खानावळ काढली, पहिलं बक्षीस, हार. आता चौघे एकमेकांनाच वाढतात. आमच्या गटाचे धंदे शून्य. अहवालात काय लिहावं, मॅडमना सुचेना. पण आमचं भेटणं सुटलं नाही. वासंतीने तिसरा बेत मांडला, पावसाळ्यात लोकांचे कपडे वाळवून द्यायचे. या वेळी आम्ही तिघांनी तिला प्रश्नांनी उभं-आडवं झोडपलं. ती हटली नाही. आता मोइदीन गाडी चालवतो, अखिल फोन घेतो, मी कपड्यांवर नावं डकवतो. अर्धं पाला गाव आमच्याकडे वाळतंय.

तुझा धाकटा भाऊ,
औसेप

ता. क. फणस चिरायचं यंत्र मी वर्गाच्या आधीच मागवलं होतं. परत घेत नाहीत. सोमवारी तुझ्या दारात लॉरी येईल. गोठ्यात ठेवून घे. मरियाकुट्टीला कळू देऊ नकोस.

ता. ता. क. येतंच आहे तर दोन फणस घालून बघ, चकत्या पातळ पडतात का. पडल्या तर लगेच कळव. वासंतीच्या कानावर जाता कामा नये.