पक्कड सोडून सगळी हत्यारं

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त भूमिती शिक्षिका, विद्यार्थ्यांत कंपासबाई म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाला न जुमानता लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे हे पहिल्याच परिच्छेदात नमूद करते, कारण भांडण तिथेच आहे. माझ्या मुलाने कोर्टात द्यायला एक अर्ज तयार केला आहे. आईला म्हातारचळ लागला असून ती दिवसभर मागच्या खोलीत खेळण्यातल्या गाड्या खोलत बसते, सबब तिचे सर्व व्यवहार माझ्याकडे सोपवावेत, असं त्यात आहे. तोंडाने तो एवढं लांबण लावत नाही. "आईचा स्क्रू ढिला झालाय," एवढंच म्हणतो. व्यवहार म्हणजे घर, आणि घर त्याला बिल्डरला द्यायचं आहे.

तर स्क्रूबद्दल. माझ्या खोलीत एकही स्क्रू ढिला नाही. इंधनावर पळणाऱ्या रिमोटच्या गाडीचं इंजिन मुठीएवढं असतं आणि मिनिटाला हजारो फेरे घेतं. त्या थरथरीने स्क्रू आपोआप सुटतात, म्हणून इंजिन ज्यांनी गाडीला धरलेलं असतं त्या स्क्रूंच्या आट्यांना थेंबभर निळा गोंद लावायचा. प्लॅस्टिकमध्ये बसणाऱ्या स्क्रूला लावायचा नाही, प्लॅस्टिक तडकतं. म्हातारचळ लागलेल्या बाईला एवढं तारतम्य असतं का, ते कोर्टाने ठरवावं.

कलम १. घराच्या पुढच्या तीन खोल्या माझ्या मुलीला. ती परगावी असते, क्वचित येते, पण आली की "काय चाललंय आई?" असं विचारते आणि उत्तर संपेपर्यंत बसते. मुलाचा वाटा त्याने फ्लॅट घेतला तेव्हाच त्याला पोचला आहे.

कलम २. बँकेत जे उरेल तेही मुलीलाच. फार उरणार नाही, इंधन महाग आहे.

कलम ३. मुलाला त्याच्या वडिलांची पक्कड. ह्यांना घरातलं काहीही पकडीनेच सोडवायची सवय होती. नळ, बरण्यांची झाकणं, वेळप्रसंगी माझा होकार. पकडीने स्क्रू निघतो, नाही असं नाही, पण त्याचं डोकं जातं आणि मग तो कोणाच्याच कामाचा राहत नाही. ह्यांच्या संसारात माझंही डोकं तसंच झिजत चाललं होतं. ती पक्कड बापाकडून मुलाकडे कधीच गेलेली आहे, मी फक्त कागदावर आणते.

कलम ४. रिमोटच्या गाड्या पळवतात त्या मैदानावरच्या क्लबच्या सेक्रेटरींना गाडीच्या खोक्यात फुकट मिळणारा वाकडा पाना. निवृत्तीनंतर मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा "आजी, लांब उभ्या राहा, लागेल," असं हे सेक्रेटरीच म्हणाले होते. त्याच आठवड्यात मी एक जुनी गाडी विकत घेतली. आधीच्या मालकाने असल्याच पान्याने सगळ्या स्क्रूंच्या षटकोनी खाचा गोल करून ठेवल्या होत्या. पाना कसा निवडावा हे मी त्या गाडीवर शिकले. टोक कडक पोलादाचं हवं, खाचेत तळापर्यंत बसायला हवं, आणि जरा लटपटलं तरी तिथेच थांबायचं. पुढे सेक्रेटरी स्वतःचे अडकलेले स्क्रू घेऊन माझ्या दारात यायला लागले. मी काढून दिले, पण प्रत्येक वेळी आधी त्यांना लांब उभं केलं.

कलम ५. मागची खोली, टेबल, माझे सगळे पाने, लांबीप्रमाणे लावलेल्या स्क्रूंच्या बाटल्या, गाडी व इंजिन माझ्या सुनेला. हे कलम रद्द. कारण पुढे देते.

अर्जावर मुलाला बायकोचीही सही हवी होती. ती कागद घेऊन मला दाखवायला आली तेव्हा मी इंजिनाचं डोकं उघडत होते. कागद टेबलावर ठेवून ती बघत राहिली. मग म्हणाली, "आई, एकेक स्क्रू पूर्ण का नाही काढत?"

"समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करायचे. एकाच बाजूने जोर केला की डोकं वाकतं."

"तुमच्या मुलाला हे कोणी शिकवलं नाही वाटतं."

तिच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, पण आम्ही दोघी मिळून हसलो त्या दिवशी पहिल्यांदा. मग तिने पाना मागितला आणि चारही स्क्रू काढले, एकाचीही खाच न बिघडवता. जाताना कागद तिथेच ठेवून गेली. तिच्या सहीची जागा अजून कोरी आहे. तो कागद मी इंजिनाखाली तेल टिपायला पसरते.

तेव्हाच ठरवलं, ज्या हाताची सही मला वेडी ठरवायला हवी होती, त्याच हाताची सही माझ्या शहाणपणाला साक्ष म्हणून घ्यायची. वकिलांनी डोक्याला हात लावला. "बाई, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. साक्षीदाराच्या नवऱ्यालाही नाही. एक तर खोली द्या, नाहीतर सही घ्या."

मी सुनेला म्हटलं, "विचार कर. खोली तुझी झाली तर उद्या कोणापुढे हात पसरायला नको."

"पेन द्या," ती म्हणाली.

"अगं, तो घरात घेणार नाही तुला."

"किल्ली माझ्याकडेही आहे."

मला रडू आलं, हेही लिहून ठेवते. मग डोळे पुसले आणि वकिलांना विचारलं, मेल्यावर देता येत नाही ना? मग मरायची वाट कशाला बघू? मागच्या खोलीचं बक्षीसपत्र आज सकाळी नोंदवलं. हत्यारं तिच्या हातात दिली. पक्कड वकिलांच्या शिपायाबरोबर मुलाच्या घरी पोचती केली, म्हणून कलम ३ सुद्धा रद्द. आता मागच्या खोलीत मी सुनेची पाहुणी आहे. दुपारी तिचा पाना घेतला तर म्हणाली, "आई, झालं की जागेवर ठेवा." ठेवला.

ठिकाण: मागची खोली, सुनेच्या परवानगीने.
तारीख: शिक्क्यावर आहे ती. डॉक्टरांनी विचारली होती, मी बरोबर सांगितली.

सही: कंपासबाई

साक्षीदार १: गल्लीतले डॉक्टर. यांनी मला तपासून शंभरातून सात-सात वजा करायला लावले. दोनवर पोचल्यावर "शून्याखाली जाऊ का?" असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी दाखला लिहिला.

साक्षीदार २: सून. हिला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. सहीशेजारचा डाग इंजिनाच्या तेलाचा आहे, तो अंगठा समजू नये. तिला लिहिता येतं, आणि नाही म्हणताही येतं.