मशीन उठतं तेव्हा

मॅडम, मागच्या महिन्यात एक म्हातारे काका शालीत गुंडाळलेला कॉम्प्युटर मांडीवर घेऊन पवनीच्या बसनं भंडाऱ्याला आले आणि माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. त्या दिवशी जे झालं ते सांगावं असं कुणी मला तुमच्याशिवाय सुचत नाही. घरी सांगून पाहिलं. नवरा म्हणाला, "चांगलं झालं ना मग," आणि जेवायला बसला. त्याचं काही चुकलं नाही. बाहेरून पाहिलं तर बंद पडलेलं मशीन चालू झालं, एवढीच गोष्ट आहे. पण तुम्ही असतात तर खुर्ची ओढून बसला असतात आणि म्हणाला असतात, पहिल्यापासून सांग, मधलं काही गाळू नको.

पहिल्यापासून सांगायचं तर तुमच्या वर्गापासूनच सांगावं लागेल. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला त्याला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. मी आंधळगावहून एस.टी.नं यायची. घरी माग होता, बाबा आणि मोठे बाबा कोशाचं रेशमी कापड विणायचे, आणि मुलीनं कॉम्प्युटर शिकून पुढं काय करायचं हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. तुमचा वर्ग पितळी भांड्यांच्या दुकानावर होता. जिना चढतानाच खालची ठोकठोक मागं मागं यायची आणि वर आल्यावरही जमिनीतून पायाला लागायची. चार मशीन होती, चारही कुणीतरी टाकून दिलेली, आणि त्यांवर तुम्ही लिनक्स नावाची फुकटची प्रणाली घातली होती. शहरातल्या बाकीच्या वर्गांत पोरं रंगीत खिडक्या उघडायला शिकत होती. आमच्यासमोर काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. मला पहिले काही दिवस वाटायचं, आपण चुकीच्या जिन्यानं वर आलो.

तो दिवस मला अजून समोर दिसतो. तुम्ही आदल्या दिवशी खिडकीजवळच्या मशीनवर नवं कर्नल, म्हणजे त्या प्रणालीचा गाभा, चढवलं आहे. सकाळी मी ते सुरू करते. पडद्यावर 'एल' येतो, मग 'आय' येतो, आणि तिथंच सगळं थांबतं. दोन अक्षरं आणि पुढं काहीच नाही. मी घाबरते आणि बटण दाबून मशीन बंद करते. तुम्ही दारातून पाहता.

"बंद कायले केलं?"

"मॅडम, ते अडकलं होतं."

"अडकलं नव्हतं. ते तुले सांगून राहिलं होतं, कुठपर्यंत आलो ते. तू त्याचं तोंडच दाबलं."

सगळ्या वर्गासमोर म्हणालात. माझे कान गरम झाले. मग तुम्ही शेजारी येऊन बसलात, मशीन पुन्हा सुरू केलं, तीच दोन अक्षरं पुन्हा आली, आणि तुम्ही त्यांच्यावर बोट ठेवलंत. त्या काळी मशीनला उठवणारा जो छोटा प्रोग्राम असायचा त्याचं नाव इंग्रजीत चार अक्षरांचं होतं, लायलो, आणि कामाचा एकेक टप्पा पार पडला की तो आपल्या नावाचं एकेक अक्षर लिहायचा. चारही अक्षरं उमटली म्हणजे सगळं सापडलं. दोनच उमटली म्हणजे दुसऱ्या टप्प्याचा प्रोग्राम हाती आला, पण तो चालेना. "नवं सामान आलं, त्याची जागा बदलली, आन् याले कोणी पत्ताच नाही सांगितला. मी काल सांगायची राहिली. चूक माझी आहे, त्याची नाही." फ्लॉपी घालून तुम्ही मशीन दुसऱ्या वाटेनं उठवलंत, एकच आज्ञा टाइप केलीत, आणि पुढच्या वेळी चारही अक्षरं आली.

मला खरं नवल त्याच्यानंतर वाटलं. तुम्ही सगळ्यांना गोळा करून सांगितलंत की बटण दाबलं त्या क्षणी मशीनला काहीही माहीत नसतं. आपल्यात डिस्क आहे हेसुद्धा नाही. ते फक्त डिस्कचा अगदी पहिला तुकडा वाचतं, आणि त्या तुकड्यात एका पोस्टकार्डावर मावेल इतकाच मजकूर बसतो. तेवढा मजकूर पुढच्याला शोधतो, पुढचा कर्नलला शोधतो, कर्नल डिस्क उघडतं, आणि मग कुठं घड्याळ, पडदा, आपलं नाव, आपण काल लिहिलेलं सगळं परत येतं. "दररोज," तुम्ही म्हणालात. "दररोज काहीच नसल्यापासून सुरू होते. मले इतकी वर्षं झाली, अजून नवल वाटते." आणि तुम्ही मशीन पुन्हा सुरू केलंत आणि कुणी बोलू नका म्हणालात. आम्ही सातआठ पोरंपोरी त्या पांढऱ्या ओळी वर सरकताना पाहत उभे. खालची ठोकठोकही मला ऐकू आली नाही. त्या दिवशी मी आंधळगावच्या बसमध्ये बसले तेव्हा मला ठाऊक झालं होतं की मी पुढं काय करणार.

माझ्या लग्नात सगळ्यांनी पितळी भांडी आणली. भंडाऱ्याचं लग्न, दुसरं काय आणणार. तुम्ही एक सीडी आणलीत, वर पेनानं लिहिलेलं, 'काहीच उठलं नाही तर'. सासूबाईंनी ती गाण्यांची समजून जपून ठेवली होती. पुढं तुमचं आजारपण, नागपूरच्या चकरा, बंद झालेला वर्ग. मी शेवटची भेटायला आले तेव्हा तुम्ही माझ्या दुकानाचंच विचारत होतात. कोणतं मशीन आलं, काय झालं होतं, तू आधी काय पाहिलं. दुखण्याबद्दल मी विचारायला लागले की तुम्ही हात हलवायच्या.

तर हे काका. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेल्या एका गावचे. गाव उठायच्या आधी ते एक छोटं रेकॉर्डर घेऊन घरोघर फिरले होते. कुणी गाणं म्हटलं, कुणी देवीची गोष्ट सांगितली, कुणी नुसतंच भांडलं. पुढं नव्या गावठाणात एका संस्थेच्या पोरांनी समाजमंदिरात जुना कॉम्प्युटर बसवून दिला, त्यात लिनक्स घातलं, आणि सगळे आवाज त्यात भरले. सणावाराला लोक जमतात आणि ऐकतात. माझ्याकडं यायच्या दोन दिवस आधी मशीननं विचारलं, नवी आवृत्ती घालू का. काकांनी होय म्हटलं. मग जागा संपल्याची सूचना आली. कुणीतरी फोनवरून सांगितलं, जुनं पुसून टाका, जागा होते. काकांनी पुसलं. त्यानंतर मशीन उठलं नाही.

"लोक म्हणतेत फारमॅट मारा लागन," काका म्हणाले. "मारलं त आवाज राहतीन का जी?"

"दुसरीकडं कुठं ठेवले नाहीत का?"

"नाई. एकच ठेवलं. गाव एकच होतं ना."

मी मशीन लावलं. कोणतं कर्नल उठवायचं त्याची यादी आली, नवं निवडलं, आणि थोड्या ओळींनंतर पडदा थांबला. कर्नल पॅनिक, म्हणजे पुढं काय करावं ते कर्नलला कळेना. मूळ डिस्क जोडता येत नाही, असं त्यात लिहिलेलं. मी जुनं कर्नल निवडलं. एरवी तेच वाचवतं, नवं रुसलं तर जुनं उभं असतं. इथं उत्तर आलं, फाइल सापडत नाही. काकांनी पुसलं ते नेमकं तेच होतं. आणखी काय काय पुसलं असेल कोण जाणे. काका माझ्या तोंडाकडं पाहत होते, पडद्याकडं नाही.

मी पेनड्राइव्हवरून मशीन उठवलं. डिस्क दिसली. तिचे कप्पे दिसले. सगळ्यात मोठा कप्पा नुसता वाचण्यापुरता उघडला आणि आत गेले. आवाजांचा फोल्डर होता. उघडला. फायलींची नावं पडदाभर पसरली, कुणाच्या घराचं नाव, कुणाची आई, कुणाचा बैल. त्यांना काहीच झालं नव्हतं. बिघाड दारातच होता, घरात नव्हता. मी आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवायला लावलं, आणि ते उतरत असताना काका म्हणाले, "एक वाजवता येते का?"

"कोणतं?"

त्यांनी बोट दाखवलं. ती त्यांच्या आईची फाइल होती. म्हातारी रेकॉर्डरपुढं काही बोलेना, तेव्हा यांनी तिला उगाच विचारलं होतं, माय, मी परका माणूस आहो असं समज, मले नदीची वाट सांग. आणि ती सांगायला लागली. मॅडम, मी तो आवाज कसा सांगू. जाड, थोडा घोगरा, मागं कोंबड्या. "घराच्या मांगून निघालं का चिचेचं झाड लागते. तेथून डाव्या हातानं जाजो. बोडीच्या पारीवरून चालजो, पानी असन त पाय घसरते. मंग देवीचा दगड. मंग ढिवराचं घर, तेथं कुत्रं हाय, भेवजो नको. आन् मंग नदी. नदी काई लपून बसली हाय का, दिसतेच."

काकांचं बोट माझ्या काउंटरवरून चालत होतं. चिंचेपाशी वळलं. बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर हळू झालं. ती चिंच, ती पाळ, तो दगड, ते ढिवर कोळ्याचं घर सगळं आज पाण्याखाली आहे, वरून मासेमारीच्या डोंग्या जातात. आणि माझ्या दुकानात, बाहेर ऑटोवाले सवारी ओरडत असताना, एक माणूस त्या वाटेनं नदीपर्यंत जाऊन आला. मी पंचवीस-तीस हजार गाण्यांचे संग्रह लोकांना काढून दिलेत, लग्नांचे व्हिडिओ काढून दिलेत. असं कधी पाहिलं नव्हतं.

आवाज वाचले होते. मी म्हटलं, काका, हे पेनड्राइव्हमध्ये देते, मोबाइलवरही ऐकता येईल. त्यांनी डब्यावर हात ठेवला. "लोक याच डब्यासमोर बसतेत जी," ते म्हणाले. "हाच उठला पाहिजे." मग मी दुरुस्तीला बसले. पेनड्राइव्हच्या वाटेनंच काकांच्या जुन्या प्रणालीत आत शिरले. नवं कर्नल उतरलं होतं, पण त्याच्या सोबत डिस्क उघडायचं सामान घेऊन जी फाइल येते ती जागेअभावी बनलीच नव्हती. कर्नल उठत होतं आणि रिकाम्या हातांनी उभं राहत होतं. मी ती फाइल नव्यानं बनवली, यादी नव्यानं लिहिली, मशीन पुन्हा सुरू केलं. काका उठून उभे राहिले. तोच पॅनिक. तेच शब्द.

त्या क्षणी बंद बटणाकडं माझा हात गेला होता, मॅडम. मी तो मागं घेतला आणि वाचायला लागले. वरून, एकेक ओळ. शब्दच नव्हे, एक अक्षरही बदललं नव्हतं. म्हणजे मी बनवलेलं काहीच त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. म्हणजे मी ते दुसरीकडंच कुठं ठेवलं होतं. पुन्हा पेनड्राइव्हवरून आत गेले तेव्हा दिसलं, मशीन उठवायच्या फायलींचा या डिस्कवर वेगळा, छोटासा कप्पा होता आणि मी तो जोडलाच नव्हता. माझी फाइल त्याच नावाच्या एका रिकाम्या फोल्डरमध्ये बसली होती. कप्पा जोडला. त्यात अर्धवट लिहिलेला एक मोठा तुकडा जागा अडवून होता, तो काढला. फाइल पुन्हा बनवली, यादी पुन्हा लिहिली, आणि या वेळी कर्नलचं नाव यादीत आलेलं डोळ्यांनी पाहिलं.

"बोलू नका हं आता," मी काकांना म्हटलं. का म्हटलं ते मलाही कळलं नाही.

काळा पडदा. यादी. मग ओळी. इतक्या वर्षांत किती मशीन उठताना पाहिली, तरी त्या दिवशी मी प्रत्येक ओळ वाचली. प्रोसेसर सापडला. मेमरी मोजली. डिस्क सापडली. डिस्क उघडली. मागच्या खेपेला इथंच अडलं होतं. पुढची ओळ आली, तिच्यापुढची आली, आणि मग सगळं काळं झालं आणि त्यातून समाजमंदिराचा फोटो उगवला, ओट्यावर बसलेली माणसं. काकांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. ते पडद्याला म्हणाले, "आला का बाबा," जसं बसमधून उतरलेल्या पोराला म्हणतात. माझं हे रोजचं काम आहे, आणि तरी मी खुर्चीवरून उठून उभी राहिले.

त्या आवाजांच्या प्रती आता वेगवेगळ्या घरी आहेत, एक माझ्याकडं. काकांचा चार दिवसांनी फोन आला. सगळं गाव ऐकायला बसलं होतं म्हणे. त्यांच्या आईचा आवाज नदीपाशी पोचला तेव्हा मागं बसलेली एक म्हातारी उठली आणि त्या आवाजाला म्हणाली, कुत्रं केव्हाचं मेलं, माय, तू ये बिनधास्त. कुणी हसलं नाही. नवं मशीन देऊ का म्हणून संस्थेच्या पोरांनी विचारलं तर गावानं नको म्हटलं.

हे सगळं तुम्हाला लिहून झालं आणि आता याचं काय करायचं ते सुचत नाही. तुम्ही गेल्यावर तुमचं घर विकलं गेलं, तिथं दुसरं कुटुंब राहतं, पत्र टाकायला पत्ता नाही. दुकानाच्या खणात ठेवीन. त्या दिवशी काका मशीन घेऊन परत गेल्यानंतर मी बराच वेळ बसून एक गोष्ट आठवायचा प्रयत्न करत होते. तुम्ही काय म्हणालात, केव्हा म्हणालात, कोणत्या मशीनपाशी म्हणालात, ते मला शब्दाशब्दानं सांगता येतं. पण मॅडम, तुमचा आवाज कसा होता, तो मला आठवत नाही.