कै. रेवाच्या फोटोतली मुलगी हयात असल्याबाबत

प्रति,
मा. सहाय्यक आयुक्त,
फलक विभाग, प्रभाग कार्यालय
(भाजी मंडईवरचा मजला).

विषय : कोपरीतील आमच्या चौकात लावलेला श्रद्धांजलीचा फलक तातडीने उतरवण्याबाबत.
संदर्भ : खिडकी क्र. ३ वर गेल्या सोमवारी झालेली तोंडी चर्चा.

महोदय,

अर्जदार कु. संचिता राकेश शिरसाट, इयत्ता दहावी, ही जिवंत आहे. थोडीथोडकी नाही, भरपूर जिवंत आहे. ती वर्गात किती बोलते हे वर्गशिक्षिकांनी स्वखुशीने लिहून दिले आहे.

सदर अर्जदाराने मोबाईलवरच्या एका मालिकेत 'रेवा' या मुलीचे काम केले. आठव्या भागात रेवा दरीत पडून वारली. अर्जदार त्याच संध्याकाळी घरी येऊन, दोन वडापाव खाऊन गणिताच्या क्लासला गेली. पण रेवाच्या मरणाची चाळीस सेकंदांची रील घरोघरी फिरली आणि नाथाभाऊ मित्र मंडळाने चौकात फलक ठोकला : 'कै. रेवा हिला भावपूर्ण श्रद्धांजली.' मध्ये अर्जदाराचा फोटो, त्याला खराखुरा झेंडूचा हार आणि खाली गॉगल लावलेले बावीस शोकाकुल.

खिडकीवरचे सलिलसाहेब म्हणाले, "श्रद्धांजलीचा बोर्ड वारसांच्या अर्जाशिवाय उतरत नाही. मयताचा अर्ज आम्ही घेत नाही."

"काका, मेली ती रेवा. मी संचिता."

"फोटो कोणाचा?"

"माझा."

"मग झालं तर! घरच्यांना पाठव."

पप्पा गेले, तर रेवाचे वडील आणा म्हणाले. म्हणून अर्जदार नौपाड्यात रेवाच्या वडिलांचे काम करणाऱ्या श्रीपादकाकांकडे गेली. ते म्हणाले, "बाळा, सही केली असती गं, पण दहाव्या भागात माझाही खून झालाय."

मालिकेची कंपनी म्हणते, रेवाचा चेहरा करारानुसार कंपनीचा. रेवाच्या खात्याला दोन लाख फॉलोअर, ती मेल्यावरही रोज 'गुड मॉर्निंग' टाकते. अर्जदाराचे दोनशे चौदा फॉलोअरचे खाते मात्र 'रेवाची नक्कल' म्हणून बंद झाले. आता पुढच्या भागांत रेवा परत येणार आहे. अर्जदाराला बोलावलेले नाही, तिचा चेहरा संगणकात भरून ठेवलेला आहे. तो म्हणे वेळेवर येतो आणि वडापाव मागत नाही.

महोदय, इथपर्यंत अर्जदाराने हसून घेतले असते. तिच्या आजीला, केशरबाईंना, ते जमत नाही. बुद्धविहारात जायचा त्यांचा रस्ता त्याच चौकातून जातो. "मला कळतं गं, तू घरात लोळत पडलीयेस. पण नातीच्या फोटोला हार बघवत नाही मला. आणि ते कै. कसलं? आपल्यात कालकथित लिहितात, एवढंही कळू नये मेल्यांना?" असे म्हणून त्या रोज सकाळी छत्रीच्या मुठीने हार ओढून काढतात. मंडळ दुपारी नवा घालते. गुरुवारी हार काढताना आजी पडल्या. उजवे मनगट प्लास्टरमध्ये आहे. शुक्रवारी त्यांनी डाव्या हाताने काढला.

नाथाभाऊ रेवाच्या 'पुनरागमनाबद्दल हार्दिक अभिनंदन' असा दुसरा फलक छापत आहेत. तो खुशाल लावावा, अर्जदाराची हरकत नाही. पण पहिला आजच उतरवावा, कारण आजी एकाहत्तर वर्षांच्या आहेत, ऐकत नाहीत आणि त्यांचा आता एकच हात उरला आहे.

आपली नम्र व हयात,
संचिता राकेश शिरसाट
कोपरी, दि. १७ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) वर्गशिक्षिकांचा दाखला
२) आजीच्या मनगटाचा एक्स-रे
३) माझ्या फोटोवरून उतरवलेले हार, नग सहा (सुकलेले)