चार बाह्यांचा कोट

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (कमरेत उसण भरली आहे, तेव्हा तूर्त खुर्चीत बसूनच केला आहे. चालवून घे.) तुझं पत्र सोमवारी पोचलं. तुझे गुडघे आता कुरकुरत नाहीत, लेक हिंडूफिरू लागली आहे आणि नातू सलग चार तास झोपतो, हे वाचून फार बरं वाटलं. आमच्याकडे सगळं ठीक आहे. ‘ठीक’ हा शब्द मी पुरता विचार करून लिहिला आहे. कुणाच्याही जिवाला काही झालेलं नाही, हे आधीच सांगतो, कारण पुढे वाचताना तुला तशी शंका येईल.

तू लिहितेस, की चार महिने शेठला सांभाळलंत, आता रविवारी येऊन त्याला घेऊन जाते. ये की, घर तुझंच आहे. फक्त दारात त्याला बघून तू ‘हा कोण?’ असं विचारू नयेस, एवढ्यासाठी हे पत्र. तू ठेवून गेलेला शेठ आठवून बघ. मानेपासून शेपटापर्यंत तपकिरी केसांचा नुसता लोट, डोळे कुठे असतील ते अंदाजाने ठरवायचं, आणि चालू लागला की घरातली गादीच फिरायला निघाली असं वाटायचं. तो कुत्रा आहे, खातोपितो आहे, पण त्याच्यातली गादी गेली. कशी गेली ते बैजवार सांगतो.

मध्यंतरी त्याच्या कानांमागे आणि पोटाखाली केसांच्या गाठी झाल्या. तुझ्या भावजयीनेच त्या पहिल्यांदा पाहिल्या आणि घरात एकतर त्या राहतील नाहीतर मी, असं जाहीर केलं. (तिचं आणि कुत्र्यांचं कधी जमलं नाही, हे तुला ठाऊकच आहे. आल्या दिवसापासून ती त्याला नावाने हाक मारत नाही. ‘त्याला उठवा’, ‘त्याला आवरा’, ‘तो परत माझ्या पायात आलाय’. माझ्याबद्दलही ती साधारण असंच बोलते, म्हणून मी मनावर घेत नाही.) मग मी कुत्र्यांच्या पार्लरला फोन केला. तिथल्या मुलीने उलटतपासणीच सुरू केली. स्वभाव कसा, अनुभव कितीसा, चावायची सवय आहे का. मला वाटलं, माझीच माहिती घेते आहे. मी सांगितलं, स्वभाव शांत, अनुभव चाळीस वर्षांचा, आणि चावायचं म्हणशील तर पुढचे दोन दात पडल्यापासून भाकरीसुद्धा भिजवून घेतो. तिने ते सगळं लिहून घेतलं आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली.

तीन आठवडे! ज्या हातांनी अर्ध्या गावाला कोट चढवले, त्या हातांना एक कुत्रा आवरू नये? मी म्हटलं, कुत्रा म्हणजे शेवटी काय, चार बाह्यांचा कोट. वर काजं-बटणांची कटकट नाही. दुकान बंद करून दोन वर्षं झाली म्हणून काय हात विसरतो? बाहेरच्या खोलीतलं कापायचं टेबल मोकळं केलं, गिऱ्हाईक वर उभं केलं आणि गळ्यात टेप अडकवला. खोटं कशाला सांगू, फार दिवसांनी बरं वाटलं. वहीत मापं उतरवली. छाती श्वास सोडल्यावर सव्वीस, घेतल्यावर अठ्ठावीस, आणि टेप चाटताना मोजताच आली नाही. कॉलर सोळा. चारही बाह्या मोजल्या, तर एक अर्ध्या इंचाने कमी. ती तशीच आहे की त्याने पाय आखडला होता, याचा निकाल अजून लागलेला नाही.

आता माझी चूक कुठे झाली ते ऐक. कुठलाही शिंपी तुला सांगेल, की नवं कापड कापण्याआधी भिजवून घ्यायचं. जे काय आटायचं ते आधीच आटू द्यायचं, म्हणजे पुढे गिऱ्हाइकाची बोलणी खावी लागत नाहीत. चाळीस वर्षांची सवय, म्हणून मी आधी शेठला भिजवलं. न्हाणीघरात दार लावून तीन बादल्या ओतल्या. (शांपू तुझ्या भावजयीचा होता. तिला ते वासावरून कळलं, पण तिने ‘त्याचा’ वास घ्यायला जवळ जायचं नाकारल्यामुळे पुरावा उभा राहिला नाही.) त्याने एकदा अंग असं काही झाडलं, की छतावरून पाणी ठिबकायला लागलं. तिथून जो सुटला तो सरळ धुऊन घडी घातलेल्या कपड्यांवर जाऊन लोळला. आणि ताई, केस आटले. म्हणजे गाठी आटल्या. आधी ज्या बोटाने सुटल्या असत्या त्या वाळून अशा घट्ट बसल्या, की अंगाला जागोजाग घोंगडीचे तुकडे शिवल्यासारखं झालं. कुत्र्याचे केस आधी विंचरायचे आणि मग भिजवायचे असतात, हे मला नंतर समजलं. (वाळवण्यासाठी मी इस्त्री हातात घेतली होती हे खरं आहे. पण ती गरम नव्हती. तुला कुणी वेगळं सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस.)

मग कात्री घेतली. तपकिरी अंगावर पांढऱ्या खडूने छान रेघा आखल्या, तोच त्याने अंग झटकलं आणि सगळा खडू माझ्या चष्म्यावर आला. मी रेघा आठवून कापू लागलो. डावी बाजू झाली. मग उजवी घेतली, आणि अर्ध्यावर आल्यावर ध्यानात आलं, की मी चष्मा पुसत होतो तेवढ्यात गिऱ्हाईक फिरून उभं राहिलं होतं आणि मी परत डावीच कापत होतो. आता डावीच्या बरोबरीला उजवी आणली पाहिजे. ती आणली तर पाठ उंच दिसायला लागली. पाठ उतरवली तर पायऱ्या पडल्या. त्यात सगळ्यांत लाजेची गोष्ट म्हणजे, शिकाऊ पोरसुद्धा विसरत नाही ते मी विसरलो. माया ठेवायची राहिली. जन्मभर कापडाला शिवणीबाहेर दोन-दोन बोटं माया सोडली, आणि या मुक्या जिवाच्या वेळी थेट कडेवरून कात्री चालवली. मी हे मोठ्याने बोलून गेलो, तर आतून आवाज आला, की तुम्हाला माया नाहीच मुळी. ती नक्की कशाबद्दल बोलत होती, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

शेवटी समोरच्या सलूनवाल्याकडून मशीन मागून आणलं. कशाला हवं ते मी त्याला सांगितलं नव्हतं, म्हणून तो मागोमाग बघायला आला. दारातच थबकला. कुत्र्याभोवती दोनदा फिरला, जमिनीवरचा ढीग पाहिला आणि म्हणाला, “मास्तर, तुम्ही कुत्रा कापला नाहीत, उसवलात.” उरलेलं काम त्यानेच सफाईने केलं, पण सफाई करायला मुळात फारसं उरलं नव्हतं. ढिगात अजून दोन कुत्रे सहज झाले असते. आणि टेबलावर उभा होता तो एक काटकुळा, लांब नाकाचा, मोठ्या डोळ्यांचा, कुणीतरी भलताच. ताई, त्याचे डोळे इतके बोलके आहेत, हे तुला तरी माहीत होतं का? त्याने दुकानातल्या जुन्या आरशात स्वतःला बघितलं, गुरगुरला, मग जवळ जाऊन हुंगलं, आणि खजील होऊन माझ्या शिलाई मशीनखाली पायडलपाशी जाऊन बसला. दोन दिवस तिथून हलला नाही. मीही मग तिथेच बसलो. नुसतं बसून काय करायचं, म्हणून त्याच्यासाठी कोट शिवला. राखाडी कापड, आतून अस्तर, आणि सवयीने खिसासुद्धा. तोच कोट सध्या त्याच्या अंगात आहे. पुढे केस वाढतील म्हणून आत चांगली माया ठेवली आहे. हवा तेव्हा उसवून सैल करता येईल.

तर असं झालं. चूक सर्वस्वी माझी आहे. तुझा जीव त्याच्यावर किती आहे ते मी जाणतो, म्हणूनच आधी कळवलं. लेकीला आशीर्वाद, नातवाचा एक पापा घे. जावयांना जे काय सांगायचं ते तू तुझ्या अंदाजाने सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. : हे सगळं लक्षात घेता तू या रविवारी येऊ नयेस असं मला वाटतं. या अवस्थेत तो तुला बघवणार नाही. सलूनवाला म्हणतो, पहिल्यासारखे केस यायला चार महिने तरी हवेत. तोवर राहू दे इथेच.

दुसरा ता. क. : चार महिन्यांनी नातू रांगायला लागेल. एवढ्या केसांचा कुत्रा आणि रांगतं मूल, नाकातोंडात केस जायचे. म्हणजे केस नाहीत तोवर तुला बघवायचं नाही आणि आले की बाळाला सोसायचे नाहीत. मी काही सुचवत नाही. तू थोरली आहेस, तूच काय तो विचार कर.

वन्सं, नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय आणि मी ते वाचलंय. यांनी लिहिलंय ते अक्षरन् अक्षर खरं आहे, फक्त ते सगळं तुम्ही गेलात त्याच महिन्यात झालं. केस केव्हाच परत आले होते, बोट बुडेल इतके. सोमवारी तुमचं पत्र आलं. दुकान बंद केलं तेव्हा हे जसे खिडकीशी बसून राहायचे ना, तसे पुन्हा बसले. जेवले नाहीत. मंगळवारी सकाळी दार लावून घेतलं आणि त्याचे सगळे केस परत कापले. या खेपेला आधी विंचरून घेतलं, पायऱ्या पडल्या नाहीत, काम चांगलं झालं. तुम्हाला खरं काय ते कळावं म्हणून लिहिते, यांना बोलू नका. तो हलू नये म्हणून त्याला धरून मीच बसले होते.