स्टुटगार्टहून सव्वादोन तास

थेसालोनिकी,
१४ नोव्हेंबर

प्रिय स्त्रातोस,

आम्ही इकडे ठीक आहोत, तुम्ही तिघंही बरी असाल. छोट्या कात्याचे पुढचे दात आले का? चार दिवस इथे बोचरा वारा सुटलाय, त्यामुळे माझे गुडघे बोलायला लागलेत. तू पाठवलेली चॉकलेटं मिळाली. माझ्या नवऱ्यानेच संपवली.

शनिवारी आईला कबरीतून बाहेर काढायचं होतं. तीन वर्षं झाली की दफनभूमीवाले जागा मोकळी मागतात, हे तुला ठाऊक आहे. बाबांच्या वेळी हाडं धुवायला तूच वाइन ओतत होतास. या वेळीही येतो म्हणाला होतास. "स्टुटगार्टहून सव्वादोन तासांचं तर विमान, एव्हान्थिया! अथेन्सहून बसने यायला याच्या तिप्पट वेळ लागतो." हे वाक्य मी आईच्या आजारपणात ऐकलं, तिच्या मयतीच्या वेळी ऐकलं आणि शुक्रवारीही ऐकलं. पाठोपाठ तुझी अडचणही ऐकली. चौदाशे किलोमीटरच अंतर, पण तू निघायचं म्हटलं की ते वाढतं.

असो. मी वाइन, नवा पांढरा पंचा आणि हाडांसाठी पेटी घेऊन गेले. शेजारची पोलिक्सेनीमावशी मदतीला आली होती. खणणाऱ्याने फळी उचलली आणि मागे सरला. "बाई, ही अजून माती झालेली नाही," म्हणाला.

आई तशीच होती, स्त्रातोस. निळा झगा, हातांवर कातडी. जास्त लिहीत नाही.

पाद्रीबाबा म्हणाले, चिकणमाती आहे, पाणी धरते, असं होतं कधीकधी. पण मावशी सगळ्यांदेखत बोललीच, "कुणाचा तरी शाप आहे गं हिच्यावर. कुणी दिला?" बायका माझ्याकडे बघायला लागल्या. जवळ राहिलेली लेक मीच ना! मी रिकामी पेटी उचलून घेतली.

आता तुला सांगते. आईने घर माझ्या नावावर केलं, त्या दिवशी तू फोनवर तिला काय म्हणालास ते मी ऐकलंय. तिला कमी ऐकू यायचं, म्हणून फोनचा आवाज नेहमी मोठा असायचा. "तुला मातीने घेऊ नये!" असं म्हणालास तू. आईने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "लाइन गेली गं." विषय निघाला की शेवटपर्यंत तेच म्हणायची.

या गोष्टी मी मानते की नाही, माझं मलाच कळत नाही. पण खड्ड्याशी उभी असताना क्षणभर मला आनंद झाला, की आता तरी याला यावंच लागेल. आईची ती दशा बघून मला आनंद झाला! इथवर आणलंस तू मला.

तिला पुन्हा पुरलंय. दोन वर्षांची मुदत मिळाली आहे. ज्याने शाप दिला त्यानेच तो कबरीशी उभं राहून मागे घ्यायचा असतो. फोनवरून घेतला तर चालेल का, हे मी पाद्रीबाबांना विचारलं नाही. मलाच चालणार नाही.

तेव्हा ये. सकाळच्या विमानाने ये, कबरीशी उभा राहा आणि मोठ्याने म्हण, "आई, माती तुला घेवो." मग संध्याकाळच्या विमानाने परत जा. जेवायला घरी येऊ नकोस. मी वाढणार नाही.

अजून तरी तुझी बहीण,
एव्हान्थिया